नऊ फुलांची राणी आणि मणभर गूळ

लहानपणी मला ज्या बाईचा सगळ्यात जास्त हेवा वाटला आणि आज जिचा सगळ्यात जास्त राग येतो, ती बाई कधी जन्मालाच आलेली नव्हती. ती आमच्या फुईच्या गोष्टीतली राणी होती. फुई म्हणजे बापाची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि आल्या दिवसापासून घराच्या किल्ल्या कमरेला लावलेली. माझी माय तिच्यापुढे मान वर करून बोलत नसे.

आमचं गाव तापीकाठचं. घरची शेती, आणि त्यात मिरची. पौषापासून फाल्गुनापर्यंत अंगणात लाल मिरच्यांचे ढीग पडलेले असत. बायका नाकातोंडाला पदर बांधून देठ तोडत बसत. बोटं जळत, डोळे चुरचुरत, कंबर धरून येई. अशा कामाला गोष्ट लागते, आणि गोष्ट सांगावी तर ती फुईनंच.

दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, असं आमच्याकडे म्हणतात. माय भीतभीत तसं म्हणाली की फुई हसून म्हणे, "चुकना तं चुकू दे. तेवढंच एक ताट कमी!" मामा म्हणजे मायचा भाऊ. माय खाली मान घालून देठ तोडत राही आणि गोष्ट सुरू होई.

तर ती राणी. राजा तिला रोज सकाळी सोन्याच्या काट्यात बसवी. एका पारड्यात ती, दुसऱ्या पारड्यात चाफ्याची नऊ फुलं. पारडी बरोबर समान. रंग असा, की फुईच्याच शब्दांत सांगते, "तिनी पान खादं का, तो लाल रस गळामातून उतरतांना दखाये." एके दिवशी दासी हरभरे खात बसली होती. राणीला मोह झाला. तिनं एकच दाणा तोंडात टाकला. दुसऱ्या दिवशी पारडं खाली गेलं. दहावं फूल घालावं लागलं. राजाच्या कपाळाला आठी पडली, त्यानं ताट बाजूला सारलं. मग राणीनं दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा नऊ फुलांवर आली.

इथं अंगणातल्या सगळ्या बायका सुटकेचा श्वास टाकत. मीसुद्धा टाकत असे. त्या बायकांत एक तरी अशी होती का, जिला नऊ फुलांनी सोडा, नऊ पायल्या ज्वारीनं तोलता आलं असतं? फुई स्वतः मिरचीचं भरलेलं पोतं एकटीनं उचलून ओट्यावर टाकी. तिचे दंड आमच्या बैलगाडीच्या जुवासारखे, रंग माझ्यासारखाच काळा. पण हे काहीतरी उलटं चाललंय, असं कोणाच्या मनातही आलं नाही. आणखी एक गंमत होती. गोष्टीतले राजा-राणी आमची अहिराणी बोलत नसत. ते शाळामास्तरांसारखं 'आहे', 'नाही', 'मला', 'तुला' बोलत. दासी मात्र आमच्यासारखी बोले. म्हणजे राणीचं वजन, रंग, एवढंच काय, तिची जीभसुद्धा आपली नाही, हे मला अकराव्या वर्षी पक्कं ठाऊक झालं होतं.

एकदा फुईच्या पानाच्या डब्यातला कात-चुना लावून मी चोरून पान खाल्लं आणि आरशाच्या तुकड्यात गळा निरखत बसले. रस गिळला, मान ताणली, उजेडाकडे वळले. दिसला तो नुसता गळा. तव्याच्या बुडाच्या रंगाचा. जीभ चुन्यानं भाजली ती वेगळीच.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच वर्षी माझी गुळानं तुला व्हायची होती.

तो नवस मायचा. माझ्याआधीची दोन मुलं तिच्या हातात गेली. मी चार वर्षांची असताना मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. म्हणे माझी इतकी काडी झाली होती, की माय मला एका हातावर घेऊन पाणी भरी. एकविसाव्या दिवशी ती मला उचलून नदीकाठच्या देवीपुढे घेऊन गेली, उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाली, ही जगू दे, लग्नाआधी हिच्या भारंभार गूळ देईन. ताप उतरला. त्यानंतर मायनं मला वाढवली नाही, भरली. दुधावरची साय मला, कळण्याच्या भाकरीवर तुपाची धार मला, लोण्याचा गोळा मला. फुई कुरकुरे, पण देवीचं नाव निघालं की तिचंही काही चालत नसे. अकराव्या वर्षी मी उंच, रुंद, दणकट झाले. त्या दिवाळीला मामा आला, मला उचलायला गेला आणि कंबर धरून म्हणाला, "बापरे, मणभर पोर व्हयनी वं ही!"

त्या दिवशी मायच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी तिच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिलं नाही. तिनं चार घरी जाऊन सांगितलं. मणभर. मामानंही तिथल्या तिथं शब्द दिला, की चैत्राच्या जत्रेला मणभर गूळ मी आणीन. तुलेचा गूळ मामानं आणायचा, ही रीतच होती.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. राणी नऊ फुलांची आणि मी मणभर गुळाची. तेही सगळ्या जत्रेसमोर, काट्यात बसून! फुईनं त्यात आपली भर घातलीच. "भेली चढावता चढावता भटजीनी कंबर मोडी जाई," ती म्हणाली आणि सगळ्या बायका पदरात हसल्या. फुईला त्यात वाईट काही वाटलं नसणार. आमच्याकडे थट्टा ही अशीच असते. पण माझ्या पोटात ते वाक्य जाऊन बसलं.

मिरची तोलायचा मोठा काटा आमच्या छपरात टांगलेला असे. एका दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर मी बांधावरून टोपलीभर पळसाची फुलं आणली. चाफा कुठून आणणार? सगळी फुलं एका पारड्यात ओतली आणि दुसऱ्यात मी बसले. मी धाडदिशी जमिनीवर, आणि ते पारडं असं उडालं, की टोपलीभर पळस माझ्याच डोक्यावर.

निंबाखाली एक बाई देठ तोडत बसली होती, ती ठसका लागेपर्यंत हसली. ती डोंगरातली. दर वर्षी हंगामाला अक्कलकुव्याच्या वरच्या अंगानं खाली उतरायची, होळीला काठी गावाकडे जायची आणि सण झाला की उरलेल्या कामाला परत यायची. तिची घरची बोली वेगळी, आमच्याशी ती मोडकी अहिराणी बोले. "काय करी ऱ्हायनी वं पोरी?" तिनं विचारलं. मी रडत रडत सगळी राणी तिला सांगितली. तिनं ती नीट ऐकली, एखाद्या खऱ्या बाईची हकीकत ऐकावी तशी. मग विचारलं, "तिनं पानी कोन आने?"

"दासी," मी म्हणाले.

"आनि दासी कितला फुलेसनी?"

 फुईनं दासीला कधी तोललंच नव्हतं.

"आमना डोंगरमा अशी रानी टिकाव नही," ती म्हणाली. "उतारवर उडी जाई." मग उठून तिनं माझ्यासमोरच्या पारड्यात मिरचीचं एक पोतं टाकलं, वर दुसऱ्या पोत्यातल्या मिरच्या घमेल्यानं ओतत गेली, आणि काटा सारखा झाल्यावर माझ्याकडे पाहून मान हलवली. "चांगली शे तू. भरेल." म्हणजे अंगानं भरलेली.

एवढी मोठी गोष्ट ती बाई मला फुकटात देऊन गेली आणि मी काय केलं? मी फणकारले. ही काळी, राबणारी, हिला काय कळतंय राणीतलं, असं मला वाटलं. आज स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवसापासून माझी भाकर म्हशीला जाऊ लागली. ताट घेऊन मी गोठ्याच्या दाराशी बसे. एक घास माझा, बाकी तिचा. दूध मांजरीला. लोणी केसांना. म्हैस दोन महिन्यांत अशी तुकतुकीत झाली, की बाप तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणे, औंदा सरकी चांगली लागली. मी वाळत चालले, हे मात्र मायला पहिल्या आठवड्यातच दिसलं. तिनं विचारलं, "खास ना वं तू?" हो, जेवते, मी म्हणाले. ताट रिकामंच असे, मग ती तरी काय म्हणणार?

तिला एकच सुचलं. दृष्ट. तिनं माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. दृष्ट असली की मिरच्यांचा ठसका येत नाही, नसली की येतो, हा हिशेब सगळ्यांना ठाऊक. आता मला सांगा, ज्या घरात वर्षातले तीन महिने माणसं हवेऐवजी मिरचीच ओढतात, तिथं चुलीतल्या सात मिरच्यांचा ठसका कोणाला येणार? कोणीच खोकलं नाही. मायनं ठरवून टाकलं. दृष्ट लागलीय, आणि जबरी लागलीय. मग रोज तिन्हीसांजेला मिरच्या, शनिवारी लिंबू, मंगळवारी देवीचा अंगारा. मी गप्प. मला वाटे, थोडेच दिवस राहिलेत, एकदा काट्यातून हलकी होऊन उतरले की मग खाईन.

चैत्राची जत्रा आली. आमचाच काटा घासूनपुसून, हळदकुंकू लावून, गाडीत घालून देवळापुढे नेला आणि तीन बांबूंना टांगला. मामा सकाळी यायचा तो दुपार झाली तरी आला नाही. "सांगं होतं ना, दिवसानी गोष्ट नका सांगू," माय पुटपुटली. तेवढ्यात त्याची गाडी आली, नदीच्या वाळूत चाक रुतून बसलं होतं. त्यानं गुळाच्या चार ढेपा, आमच्या भाषेत भेली, उतरवल्या. एकेक दहा शेरांची. चार म्हणजे पुरता मण.

मला नवं परकर-पोलकं घालून, ओटीत नारळ देऊन पारड्यात बसवलं. भोवती गावाची सगळी माणसं. भटजींनी पहिली भेल ठेवली. काटा हलला नाही. दुसरी ठेवली. माझं पारडं जमिनीवरच. तिसरी ठेवली, आणि मी वर उचलले गेले.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला जो आनंद झाला तसा लग्नातही झाला नाही. पाय अधांतरी, वारा लागतोय, मी वर, वर. गूळ खाली जमिनीला टेकलेला. मी राणीच झाले होते.

मग मी मायकडे पाहिलं.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती चौथ्या भेलीकडे पाहत होती. ती भेल लागलीच नव्हती, आणि तिसरीही जास्त होत होती. भटजींनी ती उतरवली आणि दगडानं फोडायला घेतली. एक तुकडा ठेवला, पुन्हा एक, पुन्हा लहान. दगडाचा आवाज तेवढा येत होता. मागून कोणीतरी बाई हळूच म्हणाली, "देवी पोरले परत मांगी ऱ्हायनी का काय." सात वर्षांपूर्वी एका हातावर आणलेली पोर. दोन आधीच दिलेली. ते शब्द मायच्या कानावर गेले आणि ती देवळाच्या उंबऱ्यावर कोसळली. कपाळ दगडावर आपटत म्हणत होती, "मन्हं काय चुकनं वं माय? काय कमी पडनं? इन्हा एकेक शेर मी तुन्हाजवळ मांगी मांगी लिन्हा."

मी वर लटकत होते. काय चुकलं ते तिथं एकट्या मला ठाऊक होतं. मी उडी मारून सांगायला हवं होतं, की देवीचा काही संबंध नाही, भाकर म्हशीनं खाल्ली. नाही सांगितलं. एवढ्या माणसांत जीभच उचलली नाही. मायला दोघींनी धरून बसवलं, भटजींनी काटा सारखा केला आणि मला उतरवलं. खाली पाय टेकला तेव्हा मला भोवळ आली, तर तेही देवीच्याच नावावर गेलं.

घरी परतताना गाडीत माय मला छातीशी धरून बसली होती. इतकी घट्ट, की तिचं काळीज धडधडताना मला लागत होतं. तेव्हा मी सांगितलं. म्हैस, मांजर, पळसाची फुलं, राणी, सगळं. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल.  मायच्या हाताची पकड सुटली, आणि पुष्कळ वेळानं पुन्हा आवळली.

फुई दारात वाट पाहत उभी होती, भाकरतुकडा ओवाळून टाकायला. माय गाडीतून उतरली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

"बाई, पोर दोन महिना भुकी ऱ्हायनी. तुमनी रानीनापायी."

फुई आधी गोंधळली, मग चिडली. "गोष्ट शे ती! गोष्ट कोनी खरी मानस का?"

"मी इतली वरीस ऐकी ऱ्हायनू," माय म्हणाली.  "राजा येस, दासी येस, फुलं येतस. रानीनी माय एक डाव बी वनी नही. तिले माय ऱ्हाती ना बाई, तं तो काटा मोडी टाकती."

फुईच्या हातातला तुकडा हातातच राहिला. माझ्या मायनं नणंदेला दिलेलं हे पहिलं आणि शेवटचं उत्तर. नंतर जन्मभर ती पुन्हा पूर्वीसारखीच खालमानेनं वागली, याचाही मला राग आहे.

उरलेली चौथी भेल मामानं परत नेली नाही. मायनं ती मलाच खायला घातली. रोज दुपारी भाकर आणि गुळाचा खडा घेऊन ती माझ्यासमोर बसे, मी शेवटचा घास गिळेपर्यंत उठत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाकीच्या पोरी झोके घेत होत्या तेव्हाही आधी खडा, मग झोका. मी खात होते. अंग भरलं, वाढलं. पण आता सगळं ठीक झालं, असं कोणी समजू नये. प्रत्येक खड्याबरोबर मी मनात एक फूल मोजत होते. लग्न ठरवायला माणसं आली तेव्हा मोजलं, पहिल्या बाळंतपणानंतर मोजलं. मायनं काटा मोडायचं म्हटलं खरं, पण तो छपरातला काटा नव्हता. तो जिथं होता तिथं तिचा हात पोचत नव्हता, आणि माझाही पोचला नाही. एवढी समज आली, चार पोरांची आई झाले, तरी एका खोट्या बाईपुढे मी हरतच राहिले. याची चीड येते, दुसरं काय.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना मी मिरचीच्या दिवसांत माहेरी गेले होते. माय तोवर गेली होती. फुई ओट्यावर बसून असे, डोळ्यांनी अधू झालेली. पोरीनं गोष्टीचा हट्ट धरला. मी आत भाकरी थापत होते, आणि मला ऐकू आलं, सोन्याचा काटा, चाफ्याची नऊ फुलं. माझे हात थांबले. बाहेर जावं आणि तिचं तोंड बंद करावं असं वाटून मी उठून दारापर्यंत आले. दाण्याची गोष्ट आली, पारडं खाली गेलं, राजाला आठी पडली. मग फुई थांबली. मी दारात उभी आहे हे तिला कळलं असावं.

"मंग तिनी माय वनी," ती म्हणाली. "कोठून वनी ते माले इचारू नको. वनी, आनि तिनी तो काटा मोडी टाका. मंग दोन्ही मायलेकी जेवाले बसन्यात."

मला रडू कोसळलं. इतक्या वर्षांनी त्या हट्टी बाईनं माझ्या मायचं ऐकलं होतं, आणि ते ऐकायला माय नव्हती.

 पोरीनं विचारलं, "पन आजी, ती कितली गोरी व्हती?"

त्या दुपारी ताटं वाढली तेव्हा माझ्या पोरीनं भाकरीचे दोन तुकडे केले, एक खाल्ला आणि दुसरा हळूच ताटाबाहेर सरकवला. मी पाहत होते. मी तो तुकडा उचलला, तिच्या ताटात परत ठेवला, वर गुळाचा खडा ठेवला, आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले.